गुणकात न मावणारे

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरमध्ये टाटा स्टीलचा संस्थापक दिन साजरा होत होता. जमशेटजी टाटा यांच्या जन्माला त्याच दिवशी दीडशे वर्षे पूर्ण होत होती, त्यामुळे कंपनीचे लोक बायकामुलांना घेऊन सोहळ्याला आले होते. मंडपाला आग लागली. साठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि रक्कम काढण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवण्यात आले. कमावता माणूस गेला तर भरपाई कशी काढायची याची रीत न्यायालयांत रुळलेली होती. पण इथे गेलेल्यांत पगार घेणारे थोडेच होते. बाकी सगळ्या गृहिणी आणि मुले. चंद्रचूड यांनी काही गृहिणींच्या कामाचे मोल वर्षाला १२,००० रुपये धरले, काहींच्या १०,०००. २००१ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला हे आकडे फारच तोकडे वाटले. ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीसाठी न्यायालयाने महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये धरले. ६२ ते ७२ वयाच्या स्त्रियांसाठी वर्षाला २०,०००. पाच ते दहा वर्षांच्या मुलामागे दोन लाख रुपये ठरले. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामागे चार लाख दहा हजार. कर्मचाऱ्याच्या एका मुलाला कंपनीत नोकरी देण्याची तिथे प्रथा होती, तेव्हा हाताशी आलेले मूल घरात वर्षाला २४,००० रुपयांचा हातभार लावेल असे धरता येत होते. हा फरक त्यातून आला.

नऊ वर्षांच्या मुलापेक्षा अकरा वर्षांच्या मुलाचा जीव दुपटीने मोलाचा आहे, असे कोणत्याही न्यायाधीशाने म्हटलेले नाही. तसे कुणाच्या मनातही नव्हते. तरी निकालपत्रात दोन आकडे शेजारी शेजारी आले, आणि ज्यांची लेकरे गेली होती त्यांना ते वाचावे लागले.

माणसाला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच मापात मोजता येतात का, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. जीव, माया, न्याय, स्वातंत्र्य, जमीन, देव, पैसा या सगळ्यांना एकच पट्टी लावता येते का? वर्गात हा वाद वर्षानुवर्षे अनिर्णित ठेवता येतो. न्यायालयाला, धरण बांधणाऱ्या सरकारला किंवा औषधांवरचा खर्च ठरवणाऱ्या खात्याला ती सोय नाही. त्यांना उत्तर द्यावेच लागते, आणि बहुतेक वेळा ते रुपयांत द्यावे लागते. म्हणून या वादाचा खरा कस तिथेच लागतो.

भारतात हे उत्तर रोज दिले जाते ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत. जिल्ह्याच्या न्यायालयात क्लेमच्या केसची फाइल उघडली की आत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला, पगाराची स्लिप आणि वारसांची यादी असते. यातल्या शेवटच्या तीन कागदांवर रक्कम ठरते. मोटार वाहन कायद्याने न्यायाधिकरणाला फक्त 'न्याय्य' भरपाई द्यायला सांगितले आहे. न्याय्य म्हणजे किती, ते न्यायालयांनी ठरवत नेले. पूर्वी सारख्याच अपघातात, सारख्याच वयाच्या माणसांच्या घरच्यांना वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगवेगळ्या रकमा मिळत. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सरला वर्मा' खटल्यात एक तक्ता घालून दिला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये 'प्रणय सेठी' खटल्यात घटनापीठाने त्याला पक्के रूप दिले. क्लेमच्या केस चालवणाऱ्या वकिलांना तो तक्ता तोंडपाठ असतो. १५ ते २५ वयाला गुणक १८, ३१ ते ३५ ला १६, ४६ ते ५० ला १३, ६१ ते ६५ ला ७, आणि पासष्टीच्या पुढे ५.

एक हिशेब करून पाहता येईल. बत्तीस वर्षांची एक बाई शिलाईचे दुकान चालवते, महिना १५,००० रुपये कमावते, घरात तिच्यावर अवलंबून चार माणसे. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी व्यक्तीला ४० टक्के वाढ धरतात, झाले २,५२,०००. त्यातला काही भाग तिने स्वतःवरच खर्च केला असता. चार ते सहा अवलंबित असतील तर ही वजावट एक चतुर्थांश. उरले १,८९,०००. याला गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. आता तेच दुकान, तीच कमाई, पण चालवणारी बासष्ट वर्षांची आणि घरात दोन अवलंबित. वाढ नाही, वजावट एक तृतीयांश, गुणक ७. हिशेब येतो ८,४०,०००.

या तक्त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण अन्यायाचे ठरेल. तो माणसाची किंमत काढत नाही. माणूस गेल्यावर घरात येणारा कोणता पैसा थांबला, एवढेच तो काढतो. विधवेला घरभाडे द्यायचे असते, मुलांची फी भरायची असते. समोर विमा कंपनीचा वकील उभा असतो. अशा वेळी न्यायाधीशाच्या मर्जीपेक्षा छापील गुणक केव्हाही बरा. तक्त्यामुळे गरिबाच्या दाव्याला एक किमान भरवसा मिळाला, ही मोठी गोष्ट आहे.

अडचण येते ती पट्टीवर ज्याची खूणच नाही अशी गोष्ट पुढे आली की. गृहिणीचा पगार शून्य. शून्याला कोणत्याही गुणकाने गुणा, उत्तर शून्यच येते. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात यावर तोड काढली होती. कमाई नसलेल्या व्यक्तीचे मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरायचे, आणि पतीपत्नींपैकी कमावत नसलेल्याचे उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश. म्हणजे दोन बायका पहाटे साडेपाचला उठून तेच पाणी भरतात, तोच डबा करतात, सासऱ्यांची तीच औषधे वेळेवर देतात. पण एकीचा नवरा इंजिनिअर आणि दुसरीचा शिपाई असेल, तर पहिलीचे काम महाग आणि दुसरीचे स्वस्त.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका गृहिणीच्या मृत्यूचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमूर्ती अशोक गांगुली यांनी या विचाराच्या मुळाशीच हात घातला. २००१ च्या जनगणनेने देशातल्या सुमारे ३६ कोटी स्त्रियांना काम न करणाऱ्यांत मोजले होते आणि त्या वर्गात भिकारी, कैदी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्या पंगतीला बसवले होते. न्यायमूर्तींनी त्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये अशाच एका खटल्यात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी वेगळे मत लिहिले आणि त्यात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७ मिनिटे.

मग त्या २९९ मिनिटांचे रुपये कसे करायचे? अर्थशास्त्राने तीन वाटा दाखवल्या आहेत आणि न्यायमूर्ती रमणांच्या मतात तिन्हींचा उल्लेख आहे. पहिली, घरी न राहता ती बाई बाहेर किती कमावू शकली असती ते पाहायचे. दुसरी, संसार ही भागीदारी मानून नवऱ्याच्या कमाईतला वाटा तिचा धरायचा. तिसरी, तिची सगळी कामे बाजारातून करून घ्यायला किती पैसे पडतील ते मोजायचे. आता पदवीधर गृहिणीला पहिल्या रीतीने एक आकडा मिळतो आणि तिसऱ्या रीतीने निराळाच. चौथी शिकलेल्या बाईच्या बाबतीत चित्र उलटते. बाई तीच, घर तेच, काम तेच. आकडा बदलतो तो पट्टी कोणती घेतली त्यावर. आणि तिन्ही रीतींत एक गोष्ट कुठेच बसत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईच्या जागी नर्स ठेवता येते आणि नर्सचे तासाचे दर सांगता येतात. पण मुलाने हाक मारली होती ती आईला.

न्यायालयांना हे कळत नाही असे मुळीच नाही. म्हणून तर गुणकाच्या हिशेबापुढे एक छोटी ओळ असते, सहवासाच्या हानीची. 'प्रणय सेठी'ने जोडीदारासाठी ती ४०,००० रुपये ठरवली आणि दर तीन वर्षांनी तीत दहा टक्के वाढ करायला सांगितले. २०१८ मध्ये न्यायालयाने तिचा अर्थ आणखी रुंद केला: आईबाप गमावलेल्या मुलांना आणि मूल गमावलेल्या आईबापांनाही ही रक्कम मिळायला हवी. चाळीस हजारांत कुणाची माया भरून निघेल असे रक्कम ठरवणाऱ्यांनाही वाटलेले नव्हते. सगळ्यांना सारखीच रक्कम, हीच त्या ओळीतली जमेची बाजू आहे. इथे पगाराची स्लिप विचारली जात नाही.

भरपाईच्या खटल्यात हा आकडा त्याच्या जागी असतो. नुकसान होऊन गेलेले असते आणि ते कोणी भरायचे एवढाच प्रश्न उरलेला असतो. तोच आकडा पुढचे धोरण ठरवायला नेला की त्याचे काम बदलते.

१९९५ मध्ये हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा दुसरा अहवाल तयार होत होता. तापमानवाढीने जगाचे किती नुकसान होईल आणि ती रोखायला किती खर्च येईल, याची तुलना करणारे एक प्रकरण त्यात होते. नुकसानीत माणसांचे मृत्यू होते, आणि बेरीज करायची तर मृत्यूंनाही डॉलर लावणे भाग होते. अर्थतज्ज्ञांनी नेहमीची रीत वापरली: मृत्यूचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून लोक किती पैसे मोजायला तयार असतात, यावरून एका जीवाचा आकडा काढायचा. गरीब माणसाकडे मोजायला पैसे कमी, म्हणून त्याचा आकडा लहान. श्रीमंत देशातल्या एका मृत्यूला सुमारे १५ लाख डॉलर धरले गेले आणि गरीब देशातल्या मृत्यूला सुमारे एक लाख. धूर सोडणारे पहिल्या गटातले, आणि पुरात, दुष्काळात जीव जाण्याची शक्यता जास्त ती दुसऱ्या गटातल्यांची. अशा बेरजेत काहीच न करणे फायद्याचे दिसू लागते. भारताचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री कमलनाथ यांनी इतर देशांच्या प्रतिनिधींना पत्रे लिहून या हिशेबाला विरोध केला आणि सगळ्या जीवांचे मोल समान धरा अशी मागणी केली. सरकारांनीही अखेर त्या आकड्यांपासून अंतर राखले.

हिशेब करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांचे गणितही चुकलेले नव्हते. मोजमापाचे एकक निवडतानाच निर्णय होऊन गेला होता, आणि तो निर्णय घेताना ज्यांच्या जीवाचा प्रश्न होता त्यांना कुणी विचारले नव्हते. एकाच पट्टीची सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे. ती पक्षपात करते तेव्हा तो पक्षपात गणितासारखा दिसतो.

अमेरिकेत हाच प्रकार वयाच्या बाबतीत झाला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एका हिशेबात सत्तरी ओलांडलेल्यांच्या जीवाचा आकडा ३७ टक्क्यांनी कमी धरला होता. २००३ मध्ये ही गोष्ट लोकांसमोर आली, म्हाताऱ्यांच्या संघटना खवळल्या आणि संस्थेला ती रीत सोडून द्यावी लागली.

पट्टी चांगल्या हेतूने बनवली तरी तिच्या पोटात काय काय दडलेले असते याचे उदाहरण म्हणजे मानव विकास निर्देशांक. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून जगापुढे ठेवला. त्यांचे केंब्रिजमधले जुने मित्र अमर्त्य सेन यांना आधी ही कल्पनाच पटली नव्हती. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन निराळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबणे त्यांना ओबडधोबड वाटत होते. हक यांचे म्हणणे असे की राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा तितकाच ओबडधोबड आहे. त्याला हटवायचे तर त्याच्याच जातीचा, पण माणसाच्या जगण्याकडे पाहणारा दुसरा आकडा हवा. सेन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले की लोकांचे लक्ष वेधण्यात हक बरोबर ठरले. निर्देशांकामुळे जगभर देशादेशांतल्या शाळा आणि दवाखाने यांच्यावर चर्चा सुरू झाली.

पण तीन गोष्टींची एक गोळाबेरीज केली की प्रत्येकीचा दुसरीशी विनिमयदर आपोआप ठरतो, कुणी ठरवला नसला तरी. २०१० मध्ये निर्देशांकाचे सूत्र बदलले, बेरजेच्या सरासरीऐवजी गुणाकाराची सरासरी आली. तेव्हा जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी ते सूत्र उलगडून पाहिले. आयुष्याचे एक जादा वर्ष किती उत्पन्नाच्या बरोबरीचे धरले आहे, हे त्यांनी देशागणिक काढले. झिम्बाब्वेत ते निघाले सुमारे अर्धा डॉलर. सर्वांत श्रीमंत देशांत जवळपास ९,००० डॉलर. हे सूत्र करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांना गरिबांची कळकळ असूनही आकड्याच्या आत असा निवाडा तयार झाला, आणि तो बाहेर काढायला गणिती डोके लागले.

सगळे काही एका मापात मोजावे, हा आग्रह आधुनिक जगात नेटाने धरला तो इंग्लंडच्या जेरेमी बेन्थम यांनी. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सुखदुःख मोजण्याच्या सात कसोट्या दिल्या: सुख किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती खात्रीचे, किती जवळचे, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती लोकांपर्यंत पोचते. या विचारामागे एक न्यायबुद्धी होती. राजाचे सुख आणि मजुराचे सुख एकाच मापाने मोजा, असे सांगणे त्या काळात धाडसाचे होते.

मराठी वाचकांपर्यंत हा वाद पोचवला लोकमान्य टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या या मताची त्यांनी एका स्वतंत्र प्रकरणात झडती घेतली आहे. त्यांचा एक दाखला कोणालाही पटकन समजेल असा आहे. कुरुक्षेत्रावर पांडवांचे सैन्य सात अक्षौहिणी आणि कौरवांचे अकरा. डोकी मोजायची तर कौरव जिंकण्यातच जास्त लोकांचे सुख होते. मग त्यांची बाजू न्यायाची होती असे म्हणायचे का? टिळकांचा कल कर्त्याच्या बुद्धीकडे पाहण्याकडे होता, आणि तिथपर्यंत सगळेच त्यांच्यासोबत जाणार नाहीत. पण नुसत्या बेरजेतून काय निसटते हे त्यांनी नेमके पकडले होते. त्याच ग्रंथाच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्य आणि अहिंसा, आईवडिलांची आज्ञा आणि धर्म यांची गाठ पडते तेव्हा शहाणी माणसेही कशी गोंधळतात, याची दाखल्यांमागून दाखले देत चर्चा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डचे आयझाया बर्लिन याच मुद्द्यावर ठाम राहिले. स्वातंत्र्य, समता, दया, न्याय या सगळ्याच खऱ्या चांगल्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींशी भिडतात, आणि एक निवडली की दुसरी खरोखरच गमवावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते. निवड तर माणसे रोज करतात. निवडली म्हणजे मनात कुठेतरी तोलून पाहिलेच असणार. मग एक पट्टी आहेच की.

तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांनी १९८६ मध्ये या हरकतीला दिलेले उत्तर साध्या भाषेत असे सांगता येईल. एका तरुण डॉक्टरपुढे दोन कामे आहेत: मेळघाटातला दवाखाना, किंवा पुण्यातली संशोधनाची जागा. खूप विचार करूनही तिला एक काम दुसऱ्याहून वरचढ वाटत नाही. मग दोन्ही सारखीच आहेत का? सारखी असतील तर एकीकडे जरासे वजन टाकले की पारडे झुकायला हवे. पुण्याची संस्था महिना पाच हजार वाढवून देते. डॉक्टर अजूनही तिथेच अडलेली आहे. म्हणजे ती कामे सारखी नव्हती, आणि एक दुसऱ्याहून कमीही नव्हते. त्यांना जोडणारी एक पट्टीच नव्हती. रूथ चँग या तत्त्वज्ञ याच्या पुढे एक पाऊल जातात. अशा दोन गोष्टींची तुलना होते, पण कमी, जास्त आणि समान यांखेरीज चौथ्या नात्याने. त्या एका तोडीच्या असतात. अशा वेळी माणूस उत्तर शोधून काढत नाही. आपण कोण व्हायचे ते तो ठरवतो आणि त्या निवडीला स्वतःला बांधून घेतो. मेळघाटात गेलेल्या डॉक्टरला कारण विचारले तर ती ते देईल, आणि ते चांगले कारण असेल. पुण्यात राहिलेलीचेही असेल.

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पट्टी नाही म्हणजे विचार नाही, असे समजण्याची चूक बेरीज करणारे आणि बेरजेला विरोध करणारे दोघेही करतात. विचार करता येतो, कारणे देता येतात, चूक दाखवता येते. फक्त शेवटच्या ओळीत एक आकडा येत नाही.

पैशाची पट्टी नाकारणारी माणसे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहेत. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण होऊ घातले होते. मुंबईला वीज हवी होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी जमिनी घेतल्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथूनच, आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. अनेक शेते पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती. सावकाराला जमीन म्हणजे दिलेल्या कर्जाची वसुली; चांगली रक्कम येते म्हटल्यावर त्याचे समाधान होऊ शकत होते. कसणाऱ्याचे देव, मसणवट आणि भावकी त्याच खाचरांभोवती होती. एकाच शेताचे दोन हक्कदार, आणि एकाचे नुकसान रुपयांत मावत होते, दुसऱ्याचे मावत नव्हते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात हा दुभंग तपशिलाने मांडला आहे. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झाले.

विशेष म्हणजे बाजारभावात सगळे येत नाही हे त्या कायद्यालाही ठाऊक होते. इच्छेविरुद्ध जमीन घेतली म्हणून बाजारभावावर १५ टक्के जास्त द्या, असे कलमच त्यात होते. १९८४ मध्ये ही दिलासा रक्कम ३० टक्के झाली, २०१३ च्या नव्या कायद्याने ती १०० टक्के केली. सव्वाशे वर्षे कायदा एकाच जागी चाचपडतो आहे. भावात न मावणारे काहीतरी आहे एवढे त्याला कळते, आणि मग त्याचीही तो टक्केवारी काढतो.

टक्केवारी वाढवत गेले की कधीतरी माणूस राजी होईल, हे नेहमी खरे नसते. मानववंशशास्त्रज्ञ स्कॉट अॅट्रन, मानसशास्त्रज्ञ जेरेमी गिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी यांच्याकडून काल्पनिक तहांवर मते घेतली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा प्रश्न ज्यांना पवित्र वाटत होता, त्यांच्यापुढे तहासोबत पैसा ठेवला की त्यांचा संताप वाढत होता. समोरच्याने आपल्या एखाद्या पवित्र दाव्यावरून मागे यावे किंवा झाल्या गोष्टीची माफी मागावी, असे तहात घातले की विरोध निवळत होता. एक पैसाही हात बदलत नसताना. पैशाचा प्रस्ताव त्यांना लहान वाटला नव्हता, तो अपमान वाटला होता.

मग निर्णय करायचा कसा? ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने निवडलेली वाट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगरमाथ्यावर सात कोटी टनांहून अधिक बॉक्साइट, पायथ्याशी लांजीगढला वेदांत कंपनीचा शुद्धीकरण कारखाना, आणि डोंगर हा डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा. बॉक्साइटचा भाव काढता येतो. नियमराजाचा येत नाही. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने तो काढण्याचा प्रयत्न केला नाही. वनहक्क कायद्याचा आधार घेऊन त्याने सांगितले की खाणीमुळे इथल्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, याचा विचार ग्रामसभा करतील, आणि प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून बसेल. राज्य सरकारने बारा गावे निवडली, सात रायगडा जिल्ह्यातली आणि पाच कालाहांडीतली. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात सभा भरल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली.

याने पट्टीचा प्रश्न सुटला असे नाही. बारा गावांऐवजी शंभर गावे घेतली असती तर, गावातच फूट पडली असती तर, अॅल्युमिनिअम वापरणाऱ्या दूरच्या माणसाचे म्हणणे कोण मांडणार, असे प्रश्न उरतातच. पण कोणाचे नुकसान मोजायचे आणि ते मोजता येण्याजोगे आहे का, हे ठरवायला तेच लोक बसले होते ज्यांचे ते नुकसान होते. जमशेदपूरच्या निकालात ते शक्य नव्हते, हवामानाच्या अहवालात शक्य असून झाले नाही, आणि मुळशीत तर मावळ्यांना कुणी विचारलेच नव्हते.

लांजीगढचा कारखाना बंद पडला नाही. बाहेरून बॉक्साइट आणून तो चालत राहिला. २०२३ मध्ये त्याच रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या सिजीमाली डोंगरावरचा साठा लिलावात वेदांतकडे गेला. तिथल्या ग्रामसभांनी संमती दिल्याचे ठराव दाखवले गेले, ते ठराव आमचे नाहीत असे गावकरी म्हणाले, आणि त्यावरून तिथे नवे आंदोलन उभे राहिले.